कानचाचांनी उघडलेलं घड्याळ

अन्याय झाला तो कानचाचांवर. १९८० च्या नवरात्रात, टेंबलाईच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. कोल्हापुरात, भवानी मंडपामागच्या आमच्या गल्लीत, तालमीच्या दारातल्या काळ्या फळ्यावर एक ओळ लिहिली गेली: ‘जिन्याखालच्या घड्याळजीपासून सावध राहा. सोन्याच्या घड्याळातले मशीन बदलले गेले आहे.’ ओळ खोटी होती. अक्षर माझं होतं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला साळसूद समजायला नको.

चाचांचं खरं नाव इथं देत नाही. त्यांनीच मनाई केली आहे. पण आमच्या पेठेतल्या माणसाला नाव लागत नाही. ‘कान’ म्हटलं तरी पुरतं.

कारण तो कानच तसा होता. जिन्याखाली बसवलेलं एक लाकडी खोकं, आत एक स्टूल, एक काचेची पेटी आणि चाचा. एवढंच दुकान. तुम्ही घड्याळ पुढं केलंत की दुसरा घड्याळजी डोळ्याला भिंग लावेल. चाचा घड्याळ उजव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक इकडं बोलत सुटलेलं असायचं, परवा पडलं, म्हणजे पडलं नाही, पोरानं टाकलं, म्हणजे पोराचंही चुकलं नाही. चाचा डावा हात वर करायचे. “तुमी गप बसा की जरा. त्याला बोलू द्या.” मग अर्ध्या मिनिटानं निकाल. “पानी शिरलंय. आंघुळीला घालून बसलंतासा काय?” निकाल चुकल्याचं मला आठवत नाही.

एकदा तालमीतला एक पैलवान आला. घड्याळ रोज सकाळी बंद पडतं, म्हणाला. चाचांनी ऐकलं आणि परत दिलं. “पैलवान, ह्ये आजारी न्हाई. किल्ली देताना तुमी त्येची मान पिरगाळताय. वैनीस्नी किल्ली द्याय सांगा.” सगळी गल्ली हसली. पैलवान कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, पण त्या दिवसापासून त्याच्या घरात किल्ली वहिनी देतात आणि घड्याळ अजून चालतंय. असली माणसं गल्लीत असतात तेव्हा आपण त्यांना गृहीत धरतो. पाणी नळाला येतं तसं. जातं तेव्हा बोंब.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की चाचांचा हंगाम. डोंगरावरून उतरलेल्या निम्म्या मनगटांत गुलाल गेलेला असायचा. काचेखाली गुलाबी, काट्यावर गुलाबी, आत चाकांत गुलाबी. चाचा आठ-आठ दिवस फुंकणीनं आणि बारीक ब्रशनं तो काढत बसायचे. संध्याकाळी त्यांच्या मिश्या गुलाबी. “देव तुमचा, गुलाल तुमचा, आनी शिंका मला,” असं म्हणायचे आणि खरंच शिंकायचे. काढलेला गुलाल ते कधी झाडून टाकायचे नाहीत. कागदाच्या पुडीत भरून समोरच्या फुलवालीला द्यायचे. का, असं मी विचारलं होतं. “पायदळी कशाला?” एवढंच.

आणि त्यांची खूण. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढं यावरूनच त्यांना चोर ठरवलं गेलं. ज्या घड्याळाचं मागचं झाकण चाचा उघडायचे, त्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं एक तिरकी रेघ आणि साल कोरायचे. गव्हाच्या दाण्याएवढं. जुने घड्याळजी सगळेच असं काहीतरी करतात. गिऱ्हाइकाला ते जन्मात दिसत नाही. मी म्हटलं, चाचा, मग कशाला? म्हणाले, “फुडचा घड्याळजी उगडंल तवा त्येला कळाय नको, आदी कुनी हात घातलाय? माझी चूक आसंल तर शिवी कुनाला द्यायची त्येनं? हवेत?”

माझ्यावर त्यांचा जीव होता, हे मला आता कळतंय. तेव्हा फक्त टोमणे ऐकू यायचे. मी कॉलेजात होतो, मोर्चे, पत्रकं, भिंती रंगवणं चालू होतं, आणि अक्षर चांगलं म्हणून तालमीचा फळा माझ्याकडं. “काय रं, फळ्यावर लिव्हतोस सभा सा वाजता. मानसं येत्यात आट वाजता. आनी मला म्हंतोस घड्याळ फुडं पळतंय व्हय?” मी चिडायचो. चाचा माझं घड्याळ कानाला लावून म्हणायचे, “ह्ये झ्याक हाय. तूच पळतोयस.”

त्याच सुमारास गावात सेलची घड्याळं दिसायला लागली. चाचांना आधी विश्वासच बसेना.

“किल्ली न्हाई?”

“नाही.”

“हात हलवायलाबी नगो?”

“नको. आत सेल असतो.”

“मंग त्ये टिकटिक कशाची?”

हे मला माहीत नव्हतं. गावातल्या कुठल्या घड्याळजीला माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं, आत काचेचा तुकडा थरथरतो. चाचांना चैन पडेना. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचं मनगट बघायचे. किल्लीच्या घड्याळाचा सेकंदकाटा सरकत जातो. सेलच्याचा ठक, थांब, ठक, थांब असा जातो. तो काटा लांबून दिसला की चाचा खोक्यातून अर्धे बाहेर. “पावणं! ओ पावणं! जरा कानाला लावू द्या की.” लोक मनगट मागं घ्यायचे. महाग वस्तू, आणि हा कोण खोक्यातला माणूस. एकानं तर सरळ विचारलं, “खिशात घालून पळालास तर?” चाचा म्हणाले, “खोकं घिऊन कुटं पळू?” पण त्या दिवशी पुन्हा कुणाचं मनगट मागितलं नाही.

अशात आण्णा आले. आण्णा म्हणजे आमच्या पेठेतले गुळाचे मोठे अडते आणि तालमीचे आश्रयदाते. तालमीच्या कुस्तीच्या हौद्यातली लाल माती दरसाल त्यांच्या ट्रॅक्टरनं येते, यात सगळं आलं. त्यांच्या जावयानं मस्कतहून सोन्याचं घड्याळ आणलं होतं. पातळ, चौकोनी, तबकडीसुद्धा सोनेरी, आणि तसाच सोन्याच्या कड्यांचा पट्टा. पट्टा मनगटाला सैल होत होता. दोन कड्या काढून दे, म्हणाले, आणि यात्रेच्या आदल्या संध्याकाळी घड्याळ ठेवून गेले.

कड्या काढायला दहा मिनिटं लागतात. झाकण उघडायचं काही कारण नसतं.

चाचांनी उघडलं.

मला हे त्यांनीच सांगितलं, यात्रेच्या दिवशी, पोरासारखे डोळे करून. “आत काय हाय ठाव हाय काय तुला? केसापरास बारीक तांब्याची तार, गुंडाळलीया. एक हिरवी पट्टी. आनी बटनाएवढा सेल. चाकं निम्मी बी न्हाईत! अर्दा तास बगत बसलो. हात लावला न्हाई, निस्तं बगितलं.” मग सवयीनं झाकणात रेघ मारली, साल कोरलं, झाकण बसवलं. यात्रेच्या दुपारी आण्णांचा माणूस येऊन घड्याळ घेऊन गेला. तेव्हा ते नीट चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा स्वतः आले. मागं पाच-सहा जण, आणि पेठेत पाच-सहा जण चालायला लागले की पुढच्या चौकापर्यंत तीस होतात.

“चाचा, हे बघ. काल काटा नीट चालतावता. आज बेडकागत उड्या मारतोय. दोन-दोन सेकंदांनी. काय केलंस?”

चाचांनी घड्याळ कानाला लावलं. आरडाओरडा चालूच. त्यांनी डावा हात वर केला, पण त्या दिवशी कुणी गप्प बसलं नाही.

“ह्ये बोलतंय, आण्णा. पर ह्येची बोली मला येत न्हाई.”

“बोली गेली खड्ड्यात. झाकण उघडलंवतंस काय?”

“व्हय की.”

“कड्या काढाय झाकण उघडावं लागतंय?”

“न्हाई लागत.”

“मग उघडलंस कशाला?”

“बगाय.”

“बगाय म्हनं!” मागून कुणीतरी ओरडलं. “मशीन बगाय का सोनं बगाय?” हशा. आणखी एक जण म्हणाला, ‘त्यांच्यातल्या’ माणसाकडं द्यायचंच कशाला. कोण म्हणाला ते मला ठाऊक आहे. तो आजही माझ्याकडून पत्रकं घेतो.

चाचा म्हणाले, “मशीन त्येच हाय, आण्णा. आत माझी खूण हाय, बगा.”

“बघा! वर सहीबी ठोकलीया गड्यानं!”

“आनी एक सांगतो. काटा लंगडतोय, पर टाइम चुकत न्हाई. माझ्या घड्याळासंगं मिळवून बगा तासभर. बिगडलं आसतं तर टाइम चुकला आसता की.”

“तू मला टाइम शिकवू नगंस,” आण्णा म्हणाले. “चांगलं मशीन काढून फालतू घातलंस. व्हय का न्हाई?”

आता इथं दुसरा माणूस काय म्हणाला असता? नाही. एकदाच, ठणकावून, नाही. आणि चाचा काय म्हणाले? “बदललं न्हाई. पर उगडलं हुतं, तवा माझ्या हातनं कायतरी झालं आसंल. मला ठाव न्हाई.”

मला ठाव न्हाई. संपलं. गर्दीला एवढंच लागतं. ज्या माणसाला माहीत नाही आणि जो तसं सांगतो, तो गुन्हेगार. तालमीचे वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, “लिही रे.” आणि मी, अन्यायाविरुद्ध भिंती रंगवणारा, खडू घेऊन गेलो आणि लिहिलं. एकही प्रश्न विचारला नाही. झाकण उघडलं होतं हे खरंच होतं ना, मग बाकीचंही खरं असणार. असा विचार करायला मला डोकं लागलं नाही, फक्त हात लागला.

पुढचे पंधरा दिवस मी खोक्यासमोरून जायचं टाळलं. दुरून बघायचो. लोक एकेक करून येत होते आणि दुरुस्तीला टाकलेली घड्याळं परत नेत होते. कुणी भांडलं नाही. तेच घाण होतं. “चाचा, असू दे तसंच, घरात लग्न आहे.” “चाचा, भाचा पुण्याला निघालाय, तिथंच देतो.” चाचा प्रत्येक घड्याळ कागदात गुंडाळून द्यायचे आणि सांगायचे, “किल्ली दिलीया. उद्या सकाळपतूर चालंल.” पैलवानसुद्धा मान वळवून पुढनं निघून जायचा.

दिवाळीच्या आधी खोकं हातगाडीवर चढलं. चाचा गडमुडशिंगीला लेकीकडं राहायला निघाले. मी नेमका वळणावर सापडलो. तोंड चुकवायला जागा नव्हती. चाचा हातगाडी थांबवून म्हणाले, “काय रं, फळ्यावर अक्षर लई सुरेक काडलंवतंस.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

चार वर्षं गेली. मी पत्रकं लिहीत राहिलो. गिरणीवर, फीवाढीवर, पाण्यावर. जिथं तिथं ‘जाहीर निषेध’. चाचांवर एक ओळ नाही.

यंदा पुण्यात एका सभेला गेलो होतो. बरोबरच्या माणसाच्या घड्याळाचा काटा अचानक दोन-दोन सेकंदांनी उड्या मारायला लागला. त्याला ओढतच घड्याळाच्या दुकानात नेलं. काउंटरवरची मुलगी बघून हसली. “काही बिघडलं नाही. सेल संपत आला की हे मुद्दाम असं चालतं. तुम्हाला कळावं म्हणून. वेळ बरोबरच दाखवतं.” तिनं सेल बदलला. काटा पुन्हा ठक, थांब, ठक, थांब. पाच मिनिटांचं काम.

मी तिच्याकडं इतका वेळ बघत राहिलो की ती म्हणाली, “दुसरं काही हवंय का?”

कोल्हापुरात उतरलो तो घरी न जाता थेट आण्णांच्या अडतीत. घड्याळ मनगटावरच होतं, चकाकत. काटा सरळ चालत होता. सगळं सांगितलं. आण्णांनी गुळाचा खडा तोंडात टाकला.

“म्हाईत हाय की. दिवाळीनंतर मुंबईला गेलोवतो, तितं सेल बदलून घेतला. तवाच सांगितलं त्यानं.”

“तेव्हाच? म्हणजे चार वर्षं?”

“आता जुनं झालं रं. आनी झाकण उघडलंवतंच की त्यानं. मी खोटं बोललो काय?”

वस्तादांकडं गेलो. म्हटलं, फळ्यावर दुरुस्ती लिहू द्या. ते म्हणाले, “आण्णांना विचारून घे.” मी विचारलं, माती कुणाची हे बघून फळा चालतो का? त्यांनी फळा माझ्याकडून काढून घेतला. आता तिथं दुसऱ्याचं अक्षर असतं.

मग गडमुडशिंगी. आधी तिथं जायला हवं होतं, हे मान्य. धीर होत नव्हता.

चाचा लेकीच्या सोप्यात बसले होते. मधली वर्षं उचगावात विजेच्या जळक्या मोटारी भरायच्या दुकानात, तांब्याची तार गुंडाळण्यात गेली. आता एका डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून घरी. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. सेल, उड्या, पुणं, सगळं. लेक, रेश्मा, चुलीकडून उठून दारात आली.

चाचा म्हणाले, “म्हंजे माझ्या हातनं बिगडलं न्हवतं?”

“नाही, चाचा.”

“म्या उगडलं म्हनूनबी न्हवं?”

“नाही. ते बिघडलंच नव्हतं.”

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस चार वर्षं ‘मला चोर म्हणाले’ हे घेऊन बसला नव्हता. आपल्या हातानं एक चांगलं घड्याळ मारलं, हे घेऊन बसला होता. बघायच्या हौसेपायी. त्यामुळंच तो भांडला नाही. आम्ही सगळे समजलो, अंगाशी आलं म्हणून गप्प.

“मी सांगितलंवतं का न्हाई, टाइम चुकत न्हाई म्हनून?” चाचा एकदम म्हणाले आणि हसायला लागले. “आरं, शाना हाय की ह्यो बनिवनारा! मरायच्या आदी सांगून ठेवतंय. आपल्यात कोन सांगतंय?”

मी चिडलो. मला हसू नको होतं. मी म्हटलं, चाचा, तुम्ही ओरडा, आण्णांच्या दारात चला, मी पत्रक काढतो, तुमच्या नावासकट, छापून गावभर वाटतो.

“नाव घालू नगंस.”

“का?”

“लोकं दया कराय येत्याल. फळं घिऊन. मला दया नगो.” मग माझ्या मनगटाकडं बघत म्हणाले, “तुझं सेलचं हाय काय?”

माझं किल्लीचंच होतं. त्यांच्याकडूनच घेतलेलं. त्यांची मान खाली गेली. रेश्मा म्हणाली, “गावात सात-आट जनांकडं हायत सेलची. अब्बा मागत्यात बगाय. कोन देत न्हाई. कोल्लापुरातली गोष्ट इतंबी आलीया न्हवं.”

म्हणजे बघा. ज्या माणसानं एकदाच, अर्धा तास, ते यंत्र बघितलं, त्याला ते पुन्हा बघायला मिळालेलं नाही. एक डोळा गेला, दुसराही जाईल. त्याआधी त्याला ते नीट बघायचं आहे, शिकायचं आहे, आणि आपण फळ्यावरची एक खोटी ओळ मधे उभी करून ठेवली आहे. मी लिहिली, आण्णांनी लिहवली, आणि पेठेतल्या तुम्ही सगळ्यांनी वाचलीत. वाचून घड्याळ परत नेलंत. तुम्ही सुटत नाही.

तेव्हा या पत्रकातली मागणी तुमच्याकडं आहे. आण्णा माफी मागणार नाहीत, त्यांची वाट बघत बसू नका. फळं, शाल, नारळ काही नेऊ नका. तुमच्याकडं सेलचं घड्याळ असेल तर ते घाला आणि या आठवड्यात गडमुडशिंगीला जा. घर तुम्हाला माहीत आहे. नसेल तर कुणीही दाखवेल. ते बिघडलेलं असायची गरज नाही. मनगटावरून काढा, चाचांच्या हातात द्या, ‘उघडून बघा’ म्हणा आणि ते तिथंच ठेवून घरी या. दोन दिवस, चार दिवस, त्यांना लागतील तितके. पावती मागू नका.